हॉवरबाईक खालून वर रचावी लागते

साताऱ्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने संगणकावर काढलेल्या आपल्या हॉवरबाईकची, म्हणजे चाकांविना हवेत तरंगत जाणाऱ्या काल्पनिक दुचाकीची, तीन चित्रे दाखवून मला विचारले आहे की, चित्र नीटनेटके झाले आहे, बारकावेही भरपूर घातले आहेत, तरी बघणारा प्रत्येक जण ‘चाके काढलेली बुलेट’ असेच का म्हणतो. आणि याच गाडीचे वीतभर लांबीचे मॉडेल येत्या हिवाळ्यात पुण्याच्या एका प्रदर्शनात मांडायचे असेल, तर ते घरच्या घरी, फार खर्च न करता, कशातून आणि कोणत्या क्रमाने करावे, आणि शेवटी ते अधांतरी कसे दाखवावे. मी सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत २६ वर्षे पॅटर्नमेकर म्हणून काम केले आहे, म्हणजे ओतकामाचा साचा ज्याच्यावरून उठवतात तो लाकडी नमुना घडवण्याचे काम. आणि त्यातली बारा-तेरा वर्षे संध्याकाळच्या वेळात अशाच काल्पनिक वाहनांची मॉडेले करत आलो आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

तुमच्या चित्रातला दोष बारकाव्यांत नाही. बाजूने पाहिलेल्या दुचाकीत चाकांची दोन वर्तुळे ही सर्वांत मोठी आणि सर्वांत ठाम रूपे असतात. गाडी कुठे टेकली आहे, वजन कुठून खाली उतरते आणि पुढची बाजू कोणती, हे तिन्ही डोळ्याला त्या दोन वर्तुळांवरून क्षणात कळते. तुम्ही टाकी, सीट, हँडल आणि सायलेन्सर जसेच्या तसे ठेवले, चाके पुसली आणि त्यांच्या जागी चहाच्या बशीएवढे दोन निळे दिवे लावले. वजन उतरण्याची वाट बंद झाली, पण वजन तेवढेच राहिले. म्हणून बघणाऱ्याला गाडी तरंगताना दिसत नाही, गॅरेजमध्ये घोडीवर चढवलेली दिसते. वरच्या भागात कितीही नळ्या आणि पॅनेल वाढवले तरी हे बदलणार नाही, उलट वजन वाढल्यासारखे वाटेल. हॉवरबाईक खालून वर रचावी लागते. ती हवेत कशाच्या जोरावर उभी आहे हे आधी ठरवायचे, मग ते साधन किती मोठे हवे ते काढायचे, आणि उरलेल्या जागेत माणूस बसवायचा.

हे साधन निवडताना खऱ्या यंत्रांकडे पाहणे फार उपयोगी पडते. ख्रिस्तोफर कॉकरेल या ब्रिटिश अभियंत्याने १९५० च्या दशकात मांजराच्या खाद्याचा रिकामा डबा कॉफीच्या डब्यात बसवला आणि दोन्ही डब्यांमधल्या फटीतून हवा सोडून तिचा जोर वजनकाट्यावर मोजला. त्याच तत्त्वावर बांधलेले एसआर-एन-१ हे हॉवरक्राफ्ट २५ जुलै १९५९ रोजी इंग्लिश खाडी पार करून गेले. ही झाली हवेच्या गादीची वाट. दुसरी वाट गोल कड्यात बसवलेल्या पंख्यांची. अमेरिकेत १९५५ मध्ये हिलर कंपनीने माणूस थेट पंख्याच्या कड्यावर उभा राहील असे यंत्र उडवले, आणि १९५८ मध्ये पियासेकी कंपनीच्या व्हीझेड-८ या ‘उडत्या जीप’ने पुढे एक पंखा, मागे एक पंखा आणि मध्ये चालक अशी मांडणी आकाशात नेली. हॉवरबाईक काढणाऱ्याने ही शेवटची मांडणी मन लावून अभ्यासावी, कारण दुचाकीची पुढे-मागे दोन वर्तुळे तिच्यात आडवी होऊन परत येतात आणि डोळ्याला हरवलेला आधार सापडतो. पूर्णपणे काल्पनिक, गुरुत्वाकर्षण झुगारणारी यंत्रणा हवी असेल तर तीही चालेल, पण तिलाही एक नियम लावावा लागतो: उचलणाऱ्या तबकड्या किती, त्या कुठे, आणि गाडीचे वजन त्यांच्या मधोमध पडते की नाही. तुमच्या पहिल्या मॉडेलसाठी मी पंखेच सुचवीन, कारण त्यांचा हिशेब करता येतो.

तो हिशेब करून पाहू. गाडी आणि चालक मिळून २५० किलो वजन धरा. हे वजन १.३ मीटर व्यासाच्या दोन पंख्यांनी एका जागी तोलून धरायचे असेल, तर कोणतीही गळती न धरता सुमारे ४८ किलोवॉट, म्हणजे ६५ अश्वशक्तीच्या आसपास शक्ती लागते. तेच वजन लहान, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या दोन पंख्यांवर टाकले, तर हा आकडा १५६ किलोवॉटवर, म्हणजे २१० अश्वशक्तीच्या घरात जातो, कारण वजन तेच असेल तर लागणारी शक्ती पंख्याच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. साडेतीनशे सीसीच्या बुलेटचे इंजिन साधारण २० अश्वशक्तीचे असते, हे लक्षात घेतले की लहान पंखे नजरेला का पटत नाहीत ते समजते. पंख्यातून खाली जाणारी हवाही बघा: मोठ्या पंख्यात तिचा वेग पात्यांपाशी ताशी ७० किलोमीटर असतो, लहान पंख्यात ताशी २३० किलोमीटर. बघणारा हे आकडे मांडत नाही, पण आयुष्यभर पंखे, पंप आणि उपणणीची यंत्रे पाहिलेली त्याची नजर हे प्रमाण ओळखते. म्हणून पंखे मोठे करा, इतके मोठे की चित्र काढताना ते अंमळ जास्तच झाले असे तुम्हाला वाटावे.

पंखा कसा दिसतो हे शिकण्यासाठी इंटरनेटवरची चित्रे पाहण्याआधी एकदा तासगाव-पलूस भागात जाऊन द्राक्षबागेत फवारणीसाठी ट्रॅक्टरमागे जोडतात तो ब्लोअर पाहा. एवढ्या लांब येणे जमत नसेल तर कऱ्हाडच्या कृषी प्रदर्शनात तो हमखास दिसेल. गोल कवच, त्याच्या तोंडावरची तारांची जाळी, मधला हब (पाती जोडलेली असतात तो भाग), मुळाशी जास्त आणि टोकाला कमी पीळ असलेली पाती, कडेने फिरवलेली नोझलची नळी, तिला जागोजागी धरणारे क्लॅम्प आणि जाळीवर बसलेले बोर्डो मिश्रणाचे निळसर डाग. यातला प्रत्येक भाग कामासाठी आहे, नुसता नटवण्यासाठी एकही नाही. मी माझ्या वहीत या एका यंत्राची ११ पाने काढली आहेत आणि आजही नवे मॉडेल घेतले की ती उघडतो.

पंख्याच्या कड्याबाबत तीन गोष्टी सांभाळा. हवा आत येते त्या वरच्या कडेला भरपूर गोलाई हवी, कारण तिथे हवा वळून आत शिरते आणि त्या ओठावरही काही उचल मिळते. खालची कड मात्र धारदार ठेवावी. पात्याचे टोक आणि कडे यांच्यात फट फारच थोडी असावी, पंख्याच्या व्यासाच्या एक टक्क्याहूनही कमी. आणि पुढचा पंखा एका दिशेने फिरला तर मागचा उलट फिरला पाहिजे, नाहीतर गाडी स्वतःभोवती गिरकी घेईल. म्हणजे दोन्ही पंख्यांच्या पात्यांचा पीळ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखा हवा. संगणकावर पहिला पंखा नुसता कॉपी करून मागे लावलेली कितीतरी सुंदर चित्रे मी पाहिली आहेत, तुमचेही त्यांतलेच आहे. पात्यांची संख्या ५ असेल तर ती तोलणारे आडवे आरे ३ किंवा ४ ठेवा. खऱ्या यंत्रात हे आकडे एकमेकांच्या पटीत ठेवत नाहीत, म्हणजे सगळी पाती एकाच वेळी आऱ्यांसमोरून जाऊन थरथर आणि आवाज वाढत नाही. कड्याखाली झडपेच्या फळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक दांड्या दाखवल्या तर गाडी वळते कशी याचेही उत्तर मिळते.

आता माणूस. सीट, पायदाण आणि हँडल यांचा त्रिकोण मनाने ठरवू नका. घरातल्या दुचाकीवर बसून कोणाकडून तरी टेपने मोजून घ्या. चालक कुठे बसतो यावर तोल अवलंबून असतो. ७० किलोचा चालक मधल्या जागेपासून ४० सेंटिमीटर मागे सरकवला तर २५० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य ११ सेंटिमीटर मागे जातो, आणि मग मागचा पंखा पुढच्यापेक्षा मोठा दाखवणे भाग पडते. तुमच्या चित्रात चालक मागच्या निळ्या दिव्याच्याही मागे बसला आहे, म्हणून गाडी पाठीवर पडेल असे वाटते. त्याला दोन कड्यांच्या मध्ये, बॅटरीच्या वर आणा आणि पाय कड्याच्या तोंडापासून दूर ठेवा.

ही गाडी कोणाची आणि कशासाठी, हेही आताच ठरवलेले बरे. तुम्ही साताऱ्याचे आहात. बामणोली-तापोळ्याच्या बाजूला कोयनेच्या शिवसागर जलाशयातून लाँचने ये-जा चालते हे तुम्हाला माहीत आहे. त्या पाण्यावरून पलीकडच्या गावांत औषधे नेणारी गाडी असे ठरवले, तर दोन्ही बाजूंना पेट्या कुठे बसतील, दिवा किती मोठा हवा, रंग लांबून दिसणारा का हवा, तळाला गंज आणि चिखल कुठे लागेल, हे सगळे प्रश्न आपोआप सुटत जातात. तुम्ही सुरुवात १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधल्या जंगलातल्या गाड्यांवरून केली असे लिहिले आहे. त्या गाड्यांना पंखे नाहीत, तरी त्या पटतात, कारण पुढे लांबवर गेलेले दांडे आणि त्यांच्या टोकांची पाती डोळ्याला दिशा देतात. त्यांतून घ्यायचे ते हे, दांड्यांचा आकार नव्हे. तशीच प्रतिकृती आवड म्हणून स्वतःसाठी केली तर तो सराव आहे. पण दुसऱ्याच्या आकृतीचे किंवा दुसऱ्या मॉडेलकाराच्या नमुन्याचे साचे काढून विकायला जाऊ नका.

मापाबद्दल माझा आग्रह १:१२ चा, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शाचा आहे, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. सांडपाण्यासाठी वापरतात तो पीव्हीसी पाईप बाहेरून ११० मिलिमीटरचा असतो. १:१२ मध्ये तो १.३२ मीटर होतो, म्हणजे वर हिशेबात धरलेला पंखा हार्डवेअरच्या दुकानात तयारच मिळतो. दोन कडी आणि मधली ५० मिलिमीटरची जागा मिळून मॉडेल २७० मिलिमीटर लांब होईल, आणि १७० सेंटिमीटर उंचीचा चालक १४ सेंटिमीटरला थोडा जास्त. पाईपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेने रेघ मारा, म्हणजे काप तिरका जाणार नाही, आणि २५ मिलिमीटर रुंदीची दोन कडी हॅक-सॉने कापून सपाट काचेवर चिकटवलेल्या वॉटर पेपरवर (पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरवर) दोन्ही बाजू घासून घ्या.

वरच्या कडेची गोलाई कशी आणायची हे मी जरा खुलवून सांगतो, कारण इथेच बहुतेकांची मॉडेले फसतात. बोटांनी पुट्टी लावून आणि मग घासून गोलाई आणायला गेलात तर ती कुठे जाड, कुठे पातळ होते, आणि वर्तुळातला दोष डोळ्याला लगेच खुपतो. आमच्या धंद्यात गोल साच्यासाठी फिरता फर्मा वापरतात; तोच इथे वापरा. प्लायच्या तुकड्यावर कडे पक्के बसवा आणि कंपासने बरोबर मध्य काढून तिथे एक खिळा उभा ठोका. डब्याच्या पत्र्याची एक पट्टी घ्या, तिच्या एका टोकाला खिळ्यात सैलसर फिरेल असे भोक पाडा, आणि दुसऱ्या टोकाला हव्या त्या गोलाईचा ओठ कानशीने कोरा. पत्रा लवत असेल तर त्याच्या पाठीला लाकडी पट्टी जोडा. आता एम-सील मळून त्याची सुतळीएवढी वळी करा, कड्याच्या वरच्या काठावर बसवा, फर्म्याला पाणी लावा आणि तो हळूहळू, एकाच दिशेने फिरवत राहा. पहिल्या दोन फेऱ्यांत एम-सील ओढले जाते, फाटते, फर्म्यापुढे गोळा होते. घाबरू नका, निघालेले उचलून खड्ड्यांत दाबा आणि पुन्हा फिरवा. सहाव्या-सातव्या फेरीला पत्र्याचा खरखरीत आवाज बंद होतो आणि ओठ ओल्या संगमरवरासारखा एकसारखा दिसू लागतो. तिथेच थांबा. आणखी एक फेरी मारायचा मोह होतो, पण तोवर मसाला घट्ट व्हायला लागलेला असतो आणि ती फेरी सगळे ओरबाडून नेते.

पात्यांसाठी मुदत संपलेली एटीएम कार्डे वापरा. त्यांची जाडी पाऊण मिलिमीटर असते आणि त्यांतले पीव्हीसी गरम पाण्यात मऊ होते. कड्याच्या आतला व्यास मोजा, कारण पाईपची जाडी कंपनीप्रमाणे बदलते. २४ मिलिमीटरचा हब धरला तर पाते ४० मिलिमीटरच्या आतबाहेर येते. एका लाकडी ठोकळ्यात दोन करवती खाचा पाडा, एक ३५ अंशांत आणि तिच्यासमोर पात्याच्या लांबीवर दुसरी १२ अंशांत. पट्टीचे मूळ पहिल्या खाचेत, टोक दुसऱ्या खाचेत अडकवा, वर उकळते पाणी ओता, दहा आकडे मोजा आणि लगेच गार पाणी ओता. पाचही पाती अशी एकाच पिळाची निघतात. मागच्या पंख्यासाठी खाचा उलट्या तिरक्या पाडलेला दुसरा ठोकळा करा आणि दोन्ही ठोकळ्यांवर ‘पुढचा’, ‘मागचा’ असे पेन्सिलीने ठळक लिहा. पाती सुटी झाली की कोणते कुठले हे कोणालाच सांगता येत नाही.

मधल्या अंगासाठी आधी शाडूचा कच्चा गोळा करा. शाडू स्वस्त आहे, मोडून पुन्हा करता येतो, आणि संगणकाच्या पडद्यावर चांगला दिसणारा फुगीर भाग हातात घेतल्यावर किती बोजड आहे ते तो सांगतो. आकार पटला की २ मिलिमीटर ॲक्रिलिकची मध्यपट्टी कापा, म्हणजे गाडी उभी मधोमध चिरली तर दिसेल ती आकृती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सनबोर्डचे (जाहिरातींच्या फलकांसाठी वापरतात त्या हलक्या फोमच्या पत्र्याचे) थर चिकटवून अंग भरत जा. मध्यपट्टी शेवटपर्यंत आत राहते, त्यामुळे डावी-उजवी बाजू घासताना आपण किती खोल आलो आहोत ते कळते. दर २० मिलिमीटरवर जाड कागदाचा एक फर्मा कापून तोच दोन्ही बाजूंना लावून पाहा. थर्मोकोल वापरू नका. थिनर किंवा स्प्रे लागताच तो विरघळतो. दोन कड्यांना जोडणारी चौकट सायकलच्या आऱ्यांची करा. आरी २ मिलिमीटरची असते, म्हणजे मापात २४ मिलिमीटरची नळी, आणि ती मध्यपट्टीतून आरपार नेली तर मॉडेलला कायमचा कणा मिळतो.

बारकावे आता, आणि तेही मोजून. खऱ्या ८ मिलिमीटरच्या बोल्टचे षट्कोनी डोके १३ मिलिमीटरचे असते, म्हणून १:१२ मध्ये ते १ मिलिमीटरच्या जवळ येते. त्याहून मोठे बोल्ट लावले की मॉडेल खेळणे दिसते. पॅनेलच्या फटी ०.३ मिलिमीटर पुरेशा आहेत. केबलसाठी मिरजेत सतारीच्या तरफांच्या, म्हणजे मुख्य तारांखाली गुंजणाऱ्या, बारीक पोलादी तारा मिळतात, त्या लवचीक असतात आणि त्यांचा बाक नैसर्गिक येतो. बंद पडलेल्या संगणकातले उष्णता घालवणारे ॲल्युमिनियमचे खाचदार ठोकळे, बॉलपेनच्या स्प्रिंगा, जुन्या घड्याळांची चाके, चहाच्या गाळणीची जाळी, हे सगळे कामाला येते. पण लावण्याआधी दर वेळी स्वतःला विचारा की या भागात काय वाहते, काय तापते, किंवा मेकॅनिक काय उघडतो. उत्तर नसेल तर तो तुकडा डबीत परत ठेवा. माझ्या अनुभवात तीन ठिकाणी दाट काम आणि बाकी अंग शांत ठेवलेले मॉडेल, सगळीकडे खच्चून भरलेल्या मॉडेलपेक्षा नेहमी मोठे आणि खरे दिसते.

थ्रीडी प्रिंटर कॉलेजात उपलब्ध आहे असे तुम्ही लिहिले आहे. हब, हँडलच्या मुठी, दिव्याचे घर, पायदाण असे लहान आणि नेमके भाग त्यावर काढा. कडी आणि चौकट काढू नका. अशा प्रिंटरवर नेहमी वापरतात ते पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात मिरजेला जाताना माझे एक मॉडेल बंद गाडीच्या मागच्या काचेपाशी दोन तास राहिले, आणि परत आलो तेव्हा त्याचे लांब नाक खाली वाकून तळावर टेकले होते. सहा आठवड्यांचे काम होते ते. त्यानंतर लांब आणि वजन पेलणारा कोणताही भाग मी पीएलएचा केला नाही. रेझिनचा प्रिंटर वापरलात तर नायट्राइलचे हातमोजे आणि मोकळी हवा यांत तडजोड नको, आणि साताऱ्याच्या डिसेंबरात रेझिन थंडीने दाट होते म्हणून बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा.

रंगकामात सर्वांत मोठा शत्रू आपल्याकडचा पावसाळा आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ड्यूकोचा, म्हणजे गाड्यांना मारतात त्या लवकर वाळणाऱ्या रंगाचा, स्प्रे मारला की वाळताना त्यावर दुधासारखी पांढरी साय येते. म्हणून रंगाचे काम दसऱ्यानंतर धरा, तुमचे प्रदर्शन हिवाळ्यात असल्याने ते जमतेही. राखाडी प्रायमर मारला की एरवी न दिसणारे सगळे ओरखडे दिसतात. एनसी पुट्टी, ४०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर, पुन्हा प्रायमर, असे तीनदा करण्याची तयारी ठेवा. ऑइल पेंटवर ड्यूको कधीही मारू नका, खालचा थर सुरकुततो. दोन भागांचा चकाकीचा लॅकर घरात मुळीच नको, त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. एअरब्रश पहिल्यांदाच हातात धरणार असाल तर गणपतीच्या आधी एखाद्या मूर्तिकाराच्या कारखान्यात दोन दिवस नुसते बसून पाहा. सोंडेच्या वळणावर रंगाची छटा कशी फिकी होत जाते, हात थांबण्याआधी बोट कसे सुटते, हे पाहून जे कळते ते लिहून सांगता येत नाही.

मळ आणि धूळ कुठे लावायची हे मात्र प्रयोग करून ठरवा. संगणकातले ८० मिलिमीटरचे दोन पंखे हवा खाली जाईल असे एका पट्टीवर शेजारी बसवा, काळ्या पुठ्ठ्यावर रांगोळी पातळ भुरभुरा, पट्टी ४-५ सेंटिमीटर उंचीवर धरा आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर लावा. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा प्रत्येक पंख्याखाली फक्त एक स्वच्छ वर्तुळ पडेल अशी माझी कल्पना होती. वर्तुळे पडली, त्यांच्याबाहेर रांगोळीचे बांधही तयार झाले. पण हबच्या बरोबर खाली, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे रांगोळीची लहानशी टेकडी तशीच राहिली. आणि दोन पंख्यांच्या मधल्या रेषेवर दोन्हीकडून जमिनीलगत आलेली हवा एकमेकींवर आदळून सरळ वर उसळली, आणि रांगोळी पट्टीच्या तळाला जाऊन चिकटली. खऱ्या उभ्या उड्डाणाच्या विमानांतही दोन झोतांमध्ये असे कारंजे उठते. म्हणजे या गाडीची सर्वांत मळकी जागा कड्यांच्या बाहेर नाही, ती पोटाखाली, मधोमध आहे, आणि चालकाच्या बुटांच्या तळव्यांवर आहे. कड्यांचे आतले ओठ मात्र हवेने घासून उजळलेले असतील. काळी माती किंवा जांभ्याची भुकटी बारीक वस्त्रगाळ करून स्पिरिटमध्ये कालवून या जागी लावा. दुकानातल्या पिगमेंटपेक्षा ती मला आजवर कमी पडलेली नाही.

हेच कारंजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचेही उत्तर आहे, गाडी अधांतरी कशी दाखवायची. नुसत्या कायम चुंबकांवर ती स्थिर तरंगणार नाही. सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच हे गणिताने दाखवून दिले आहे. सेन्सर लावलेली विद्युतचुंबकी तबकडी मिळते, पण २७० मिलिमीटरचे लांबट मॉडेल तिच्यावर डुलत राहते आणि वीज गेली की आदळते. दांडाच घ्या, आणि तो गुरुत्वमध्यातून वर न्या. मॉडेल दोऱ्याने एकदा पुढच्या कड्याला आणि एकदा मागच्या कड्याला टांगून दर वेळी दोऱ्याची सरळ रेघ त्याच्या बाजूवर पेन्सिलीने वाढवली, की दोन रेघा जिथे छेदतात तिथे गुरुत्वमध्य असतो. चालक मध्ये बसवला असेल तर ही जागा बरोबर दोन कड्यांच्या मध्ये, म्हणजे कारंज्याच्या डोक्यावर येते. म्हणून ६ मिलिमीटरचा पारदर्शक ॲक्रिलिकचा दांडा तिथे बसवा आणि त्याच्याभोवती पाण्याचे उसळते कारंजे करा. पारदर्शक सिलिकॉन प्लॅस्टिकच्या कागदावर ओढून त्याचे पातळ तंतू करा, वाळल्यावर सोलून काढा आणि दांड्याला खालून वर चिकटवत जा. टोकांवर पांढऱ्या रंगाचे अगदी थोडे ठिपके द्या. तळावर कोयनेचे पाणी, दोन कड्यांखाली हवेने दाबलेली दोन उथळ वर्तुळे, त्यांच्या बाहेर पसरत गेलेल्या लाटा आणि मध्ये हे कारंजे. गाडीचा तळ पाण्यापासून ४० ते ५० मिलिमीटरवर ठेवा, म्हणजे प्रत्यक्षात ५०-६० सेंटिमीटर. पंख्याच्या व्यासाहून कमी उंचीवर जमिनीचा आधार मिळून शक्ती वाचते, आणि गाडीची सावली तिच्या खालीच, तिच्यापासून सुटलेली दिसते. दांडा हातभर उंच केला तर ते विमान होईल.

पुण्याला एसटीने नेणार असाल तर दांडा कारंज्यासह तळावरच राहू द्या आणि गाडी दांड्यावरून उचलता येईल अशी सैल बसवा; त्यासाठी मध्यपट्टीत आधीच ६ मिलिमीटरचा दांडा सैल बसेल अशी पितळी नळी बसवून ठेवा. खोक्यात गाडी दोन कड्यांवर टेकेल असे फोमचे दोन अर्धगोल कापा. हँडल, केबल आणि पायदाण यांना कशाचाही स्पर्श होता कामा नये. सोबत फेविक्विक, एक चिमटा आणि मागच्या पंख्याची दोन जादा पाती ठेवा.